चष्म्याचा नंबर घालवण्याआधी

भरतीची तयारी सुरू झाली की वस्तीतली पोरं आम्हाला हमखास विचारतात, लेझर करून चष्मा घालवू का? मुलींच्या घरून हाच प्रश्न लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी येतो. त्यावर आमचं मत सरळ आहे. चष्म्यात कमीपणा काही नाही, घराघरांतल्या बाबासाहेबांच्या फोटोतही चष्मा आहेच. भरतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. त्यात बचत गटाचं कर्ज आणि पोराची दोन-तीन वर्षांची मेहनत अडकलेली असते.

म्हणून आधी तेच सांगतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं तर चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी 6/6 दिसावं लागतं. पोरं म्हणतात, लेझर केलं की दिसेल. दिसेलही. पण याच पदाच्या 2024 च्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, की लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र. म्हणजे ज्या नोकरीसाठी कर्ज काढलं, तिचंच दार बंद! लपवण्याच्या भानगडीतही पडू नये, मेडिकलला यंत्रावर ते कळू शकतं. प्रत्येक खात्याचा नियम वेगळा असतो आणि बदलतही असतो. म्हणून दवाखान्यात पैसे भरण्याआधी त्या पदाच्या जाहिरातीतला वैद्यकीय तपासणीचा भाग शब्दन् शब्द वाचा. इंग्रजी अडत असेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत कुणाकडून तरी वाचून घ्या.

आता डोळ्याचं. आपल्या डोळ्यावर पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, साधारण 540 मायक्रॉन. लेझर हाच भाग घासून त्याचा आकार बदलतं. एका नंबरासाठी अंदाजे 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे पाच नंबर असेल तर 60 ते 75. लॅसिकमध्ये त्याआधी वरचा पातळ पापुद्रा उचलावा लागतो, त्याचे शंभरेक मायक्रॉन वेगळे. खाली किमान 250 मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत. घासलेलं परत भरून येत नाही.

म्हणूनच ज्याचा कॉर्निया मुळात पातळ आहे, त्याला चांगला डॉक्टर नाही म्हणतो. केरॅटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा तरुण वयातच सुरू होतो आणि सारखे डोळे चोळणाऱ्यांत जास्त दिसतो. सुरुवातीला वाटतं, नंबरच वाढतोय. अशा डोळ्यावर लेझर केलं तर नजर आणखी बिघडते. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी आणि जाडी मोजणारी तपासणी न करता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर तिथून उठून यावं. लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीच्या एक-दोन आठवडे आधी लेन्स बंद करायची असते, नाहीतर मापं चुकतात. डोळ्याच्या मागचा पडदाही औषध टाकून तपासून घ्या. मोठा नंबर असलेल्यांचा तो कमजोर असू शकतो, आणि लेझरने चष्मा गेला तरी पडदा तसाच राहतो.

वय अठराच्या वर हवं आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावं. डोळे फार कोरडे असतील किंवा साखर ताब्यात नसेल, तर आधी त्यावर इलाज. कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मार लागून लॅसिकचा पापुद्रा सरकू शकतो, त्यांच्यासाठी पापुद्रा न उचलता करायची पीआरके पद्धत असते. तिच्यात दुखणं जास्त दिवस राहतं, एवढंच.

ऑपरेशन काही मिनिटांचं, टाके नाहीत. पण पुढे काही महिने डोळे कोरडे वाटतात, आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्रपाळीत रिक्षा चालवणाऱ्यांनी, पार्सल पोचवणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. डोळे चोळायचे नाहीत, धुळीचं काम आणि पोहणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. आणि चाळिशी आली की वाचायला चष्मा लागतोच, लेझर केलेलं असो वा नसो.

खर्च पद्धतीप्रमाणे वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या वरही जातो. आरोग्य विम्यात साधारणपणे साडेसातपेक्षा कमी नंबराचा खर्च मिळत नाही, एजंट काहीही म्हणो.

ऑपरेशन केलंच, तर आधीचा नंबर, कॉर्नियाची मापं आणि नकाशा यांचे कागद मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. पुढे उतारवयात मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर हेच कागद मागतील.