विश्लेषण : ग्रँडमास्टर होण्यासाठी परदेशवारी का करावी लागते? ‘नॉर्म’, व्हिसा आणि खर्चाचे गणित काय?

भारताचा ८६वा ग्रँडमास्टर एल. आर. श्रीहरी याने किताबावर शिक्कामोर्तब केले संयुक्त अरब अमिरातीत. ८७वा ए. रा. हरिकृष्णन फ्रान्समध्ये, ८८वी नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात, ८९वा एस. रोहित कृष्णा कझाकस्तानमध्ये, ९०वा ए. आर. इलमपार्थी बोस्नियात, तर ९१वा व्ही. एस. राहुल फिलिपाइन्समध्ये. २०२५ या एकाच वर्षातील हे सहाही किताब देशाबाहेर पूर्ण झाले. जगज्जेता भारतीय, २०२४ च्या ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णपदके भारताची. मग किताबासाठी परदेशी विमान का पकडावे लागते?

ग्रँडमास्टर किताबासाठी काय लागते?

दोन गोष्टी. पहिली, कारकीर्दीत कधीतरी २५०० एलो रेटिंग गाठणे. दुसरी, किमान २७ डावांत मिळून तीन ‘नॉर्म’ मिळवणे. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीचा खेळ केल्याचा दाखला. साधारणपणे नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० रेटिंगच्या दर्जाची कामगिरी करावी लागते. प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी रेटिंग किमान २३८० हवे. त्यांतील निम्मे किताबधारक आणि एकतृतीयांश ग्रँडमास्टर असावे लागतात. सरासरी जेमतेम २३८० असेल, तर नऊपैकी सात गुण लागतात. ती २४३४ च्या पुढे गेली, की साडेसहा गुण पुरतात.

मग हे भारतात का जमत नाही?

खरी मेख पुढच्या अटीत आहे. नॉर्मसाठी मोजल्या जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांत स्वदेशी खेळाडू तीनपंचमांशापेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे नऊ फेऱ्यांत जास्तीत जास्त पाच भारतीय आणि किमान चार परदेशी. हे परदेशी खेळाडूही किमान दोन वेगवेगळ्या देशांचे हवेत. देशात ९० हून अधिक ग्रँडमास्टर असले, तरी फक्त त्यांच्याशी खेळून एरवी नॉर्म मिळत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी हा त्याला अपवाद आहे.

मोठ्या खुल्या स्पर्धांना एक सवलत आहे. यजमान देशाबाहेरचे किमान २० रेटिंगधारक खेळाडू आले, ते किमान तीन देशांचे असले आणि त्यांतील दहा जण किताबधारक असले, तर वरची अट शिथिल होते. मात्र तीनपैकी एक नॉर्म तरी या सवलतीविना मिळवावा लागतो. डी. गुकेशने जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतील आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धेत किताब पूर्ण केला होता. म्हणजे देशात हे अशक्य नाही. अशा संधी मोजक्या आहेत, इतकेच.

दुसरी अडचण रेटिंगची. भारतातील अनेक मुलांचा खेळ त्यांच्या रेटिंगपेक्षा बराच पुढे असतो. २४५० रेटिंगच्या खेळाडूने २०५० रेटिंगच्या मुलाशी बरोबरी केली, तरी त्याचे चार गुण जातात. ते भरून काढायला तुल्यबळ खेळाडूला हरवावे लागते. दोन-तीन स्पर्धांत असे डाव वारंवार झाले, की २५०० चे लक्ष्य महिनोन् महिने लांबते.

युरोपच का?

तिथे वर्षभर स्पर्धा सुरू असतात, वेगवेगळ्या देशांचे खेळाडू सहज जमतात आणि एका शहरातील स्पर्धा संपवून रेल्वे किंवा बसने दुसऱ्या शहरात जाता येते. हंगेरी, सर्बिया, स्पेन हे देश त्यासाठी विशेष पसंतीचे. काही स्पर्धांची रचनाच नॉर्मसाठी असते. दहा जणांच्या साखळी स्पर्धेत आयोजक काही ग्रँडमास्टरना मानधन देऊन बोलावतात आणि नॉर्म हवा असलेले खेळाडू प्रवेश शुल्क भरतात.

नागपूरच्या संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये सर्बियात लागोपाठ तीन स्पर्धांत तीन नॉर्म मिळवले आणि अवघ्या २४ दिवसांत तो भारताचा ७१वा ग्रँडमास्टर झाला. मुंबईच्या आदित्य मित्तलने डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये किताब पूर्ण केला. भारतीय वंशाचा अमेरिकी खेळाडू अभिमन्यू मिश्रा याने तर २०२१ मध्ये काही महिने बुडापेस्टमध्येच मुक्काम ठोकला. त्या वर्षी ३० जूनला, वयाच्या १२ वर्षे ४ महिने २५ दिवशी, तो जगातील सर्वांत लहान ग्रँडमास्टर ठरला.

व्हिसाचा अडसर किती मोठा?

संकल्प गेला तेव्हा भारतीयांना सर्बियात ३० दिवस व्हिसाविना राहता येत होते. १ जानेवारी २०२३ पासून ही सवलत बंद झाली. शेंजेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम करता येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज नामंजूर झाला, तर ते परत मिळत नाही.

बुद्धिबळपटूची खरी कोंडी वेगळीच असते. अर्जासोबत पासपोर्टही जमा करावा लागतो, त्यामुळे तेवढे दिवस दुसऱ्या देशातील स्पर्धा सोडावी लागते. व्हिसा उशिरा आला, तर भरलेले प्रवेश शुल्क आणि तिकीट दोन्ही पाण्यात जाण्याची भीती. नामवंतही यातून सुटत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील जागतिक जलद व अतिजलद स्पर्धेसाठी अर्जुन एरिगेसीला समाजमाध्यमावरून व्हिसासाठी जाहीर विनंती करावी लागली होती. तेव्हा तो जगातील पहिल्या पाच खेळाडूंत होता.

खर्च कोण करते?

बहुतेक वेळा घरचेच. खुल्या स्पर्धांत ग्रँडमास्टरना प्रवेश शुल्क माफ असते आणि अनेकदा हॉटेलही मोफत मिळते. ज्याला किताब अजून मिळवायचा आहे, त्याला मात्र सारे खिशातून भरावे लागते. खेळाडू अल्पवयीन असेल, तर सोबत आई किंवा वडील जातात आणि तिकीट, व्हिसा, जेवण सारेच दुप्पट होते. शिवाय त्या पालकाची रजा किंवा बुडालेली कमाई हिशेबात येतच नाही. जागतिक युवा स्पर्धांत प्रत्येक गटातील अधिकृत खेळाडूची राहण्या-जेवणाची सोय यजमान करतात. जादा प्रवेशिकेवर जाणाऱ्यांना ती स्वतः करावी लागते.

म्हणूनच पटावरची गुणवत्ता सारखी असली, तरी प्रयत्नांची संख्या सारखी नसते. वर्षातून सहा परदेशी स्पर्धा खेळणारा एका स्पर्धेतील अपयश पचवतो. एकदाच जाऊ शकणाऱ्याला ती मुभा नसते.

एक नॉर्म राहून गेला तर?

तमिळनाडूच्या पी. श्यामनिखिलचे उदाहरण बोलके आहे. २०१२ पर्यंत त्याच्याकडे दोन नॉर्म आणि २५०० रेटिंग होते. तिसरा नॉर्म मिळाला थेट मे २०२४ मध्ये, दुबईत. एक विजय आणि आठ बरोबरी करत तो ८५वा ग्रँडमास्टर झाला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. मधल्या १२ वर्षांत त्याच्यामागून आलेली अनेक मुले पुढे निघून गेली होती.

नॉर्म टाळून किताब मिळतो का?

मिळतो, पण वाट अरुंद आहे. दिव्या देशमुखकडे जुलै २०२५ मध्ये बातुमीला जाताना एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि नियमानुसार किताब थेट तिच्या नावावर झाला. पण ही सवलत फक्त विजेतीला मिळते.

उपाय काय?

२०२५ मध्ये पुण्यात महिला ग्रां. प्री. आणि गोव्यात विश्वचषक झाला. पण अशा स्पर्धांत आधीच पात्र ठरलेले खेळाडू असतात. २४०० रेटिंगच्या होतकरू मुलाला तिथे खेळायला जागा नसते. त्याला हवी आहे ती मध्यम आकाराची, २० परदेशी खेळाडू आणणारी खुली स्पर्धा किंवा दहा जणांची साखळी स्पर्धा. पाच-सहा परदेशी किताबधारकांचा प्रवास आणि मानधन एखाद्या संघटनेने किंवा प्रायोजकाने उचलले, तर देशातील अनेक खेळाडूंना घराजवळ नॉर्मची संधी मिळते. आज त्यांतील प्रत्येक घर तोच खर्च स्वतंत्रपणे करत आहे, आणि ज्यांना तो झेपत नाही, त्यांची नावे ग्रँडमास्टरच्या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत.