मेदऊतींची संप्रेरके, दाह आणि चयापचयाचे विकार

मेदऊती ही केवळ ऊर्जेची कोठी नसून अंतःस्रावी अवयवही आहे, हे १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यावर अधिक स्पष्ट झाले. स्थूलतेत लेप्टिन वाढते. परंतु भूक आवरण्याच्या त्याच्या संदेशास मेंदूचा प्रतिसाद मंदावतो. फुगलेल्या मेदपेशींभोवती महाभक्षी पेशी जमून टीएनएफ-अल्फासारखी दाहजनक प्रथिने स्रवतात व इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. इन्सुलिनला साहाय्यक असलेले ॲडिपोनेक्टिनही घटते. परिणामी मधुमेहाचा धोका वाढतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. म्हणून केवळ वजनावर विसंबणे योग्य नव्हे. कमरेचा घेरही मोजणे आवश्यक ठरते.