कॅज्युअल्टीतील गर्दीचे गुन्हेगार कोण?

मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी तुंबली की ‘लोक सर्दी-खोकल्यालाही इथेच येतात’ म्हणून झोपडपट्टीतल्या माणसालाच दोषी ठरवले जाते. आम्हाला हे मान्य नाही. सर्दीवाला गोळ्या घेऊन घरी जातो, तो खाट अडवत नाही. वरच्या वॉर्डात, आयसीयूत खाट रिकामी नसते, म्हणून दाखल करायचा रुग्ण खाली ट्रॉलीवरच पडून राहतो. मागून अ‍ॅम्ब्युलन्स येतच असतात. खरी कोंडी ही आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या कळवा रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचे. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवल्याने इथला भार वाढलेला. शहापूर-मुरबाडचा आदिवासीही इथेच येणार, कारण तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टर नाही. खासगी रुग्णालये पैसे संपलेला रुग्ण शेवटच्या घटकेला सरकारी दारात पाठवतात, ते वेगळेच.

‘खाट नाही’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरवला, २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैशाची सबब शासनाला सांगता येणार नाही, असे बजावले. तरीही २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे दिलेले वचन पाळले गेले नाही.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत व १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेच लागतात. हे दरवाजे उघडले तर सरकारी कॅज्युअल्टीचा भार तेवढा हलका होईल.

म्हणून बांधवांनो, डिपॉझिट मागितले तर ते लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. वस्तीतल्या प्रत्येक विहारात ही माहिती लावा. खाट ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही!