चाकातले दाते, डोक्यावरची हवा

आवाज आधी तळपायाला कळला, कानाला नंतर. असळजच्या पुढं डांबरी सोडून चुलतभावाच्या शेताकडं एक तांबडी वाट चढते. भर आषाढात, मागं गोठ्यासाठी सिमेंटची पोती घालून आम्ही पिकअप त्या वाटेला लावली. भावानं फोर-व्हील टाकलं, गाडी थोडी वर सरकली आणि पुढच्या डाव्या चाकातून, जात्यात खडे पडल्यावर येतो तसा आवाज आला. खर्रर्र. मग एक दणका. पुन्हा खर्रर्र. गाडीचा पत्रा थरथरला आणि तो थरकाप चपलेतून वर आला. पोती तिथंच उतरवली, फोर-व्हील काढलं आणि मागं फिरलो. डांबरीवर चाक असं गप्प, की मघाचा आवाज आपल्याला भासला की काय असं वाटावं. कोल्हापूरपर्यंत गाडी गपगुमान आली.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरात गेलो. मला वाटलं होतं, गाडी जॅकवर चढेल आणि चाक निघेल. मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. ते विचारत राहिले.

"आवाज कवा येतोय? फोर-व्हीलमधीच, का साध्याला बी?"

"फक्त फोर-व्हीलमध्ये."

"वळताना वाढतोय काय?"

"नाही. चढाला, मागची चाकं घसरायला लागली की."

मिस्त्री जरा थांबले. मग म्हणाले, "आनि ब्रेक कडक झालाय का वो?"

भावानं माझ्याकडं पाहिलं. पंधरा दिवस तो म्हणत होता, ब्रेक दाबायला पूर्वीपेक्षा जोर लागतो. पण चाकातल्या खरखरीचा ब्रेकच्या पेडलशी काय संबंध? आणि न बघता ह्यांना ते कळलं कसं? त्या प्रश्नानं मला दिवसभर तिथं बसवून ठेवलं.

कोल्हापुरात लोखंडाचं ऐकणं जुनं आहे. फाउंड्रीतलं कास्टिंग हातोडीनं वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर. कुंभाराकडचं मडकं आपणही असंच बोटानं वाजवून घेतो. फिरत्या चाकाचं ऐकणं त्याच्या पुढची पायरी आहे, कारण चाक नुसतं वाजत नाही, ते मोजून दाखवतं.

हिशेब करून बघा. पिकअपच्या चाकाचा परीघ साधारण सव्वादोन मीटर. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला पाच फेरे. टायरच्या नक्षीत खडा रुतला असेल तर तो फेऱ्याला एकदा रस्त्यावर आपटतो. सेकंदाला पाच टिक. हे कानाला सुटे सुटे ऐकू येतात. बेअरिंगच्या कडीला खड्डा पडला असेल तर त्यावरून रोलर एकामागून एक जातात आणि सेकंदाला काही डझन ठोके पडतात. आणि ३० दात्यांच्या दोन कड्या एकमेकींत नीट न बसता टोकाला टोक घासत गेल्या, तर एका फेऱ्याच्या फरकात ३० ठोके. आता कानाची गंमत अशी, की सेकंदाला वीसेक ठोक्यांच्या पुढं तो मोजणं सोडून देतो आणि त्या सगळ्यांचा मिळून एक सूर करतो. आपण ज्याला घरघर म्हणतो ते म्हणजे मोजता न आलेले ठोके. गवयाच्या गळ्यातला षड्ज आणि चाकातली खरखर ह्यांच्यात जात एकच, शिस्त वेगळी.

मिस्त्रींचे प्रश्न ह्याच हिशेबातून येत होते. डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट झाली तर एक्सलचा जॉइंट. साध्या चालीत गप्प आणि फोर-व्हीलमध्येच ओरड, तर दोष अशा जागी, जी एरवी झोपलेली असते. ती जागा म्हणजे हबचं लॉक.

पुढच्या चाकांना नेहमी इंजिनचा जोर लागत नाही. डांबरीवर मागची दोन पुरतात. तरीही पुढचा एक्सल चाकाला कायमचा जोडलेला राहिला, तर चाक फिरताना एक्सल, डिफरन्शिअल, पुढचा शाफ्ट सगळं उगाच फिरतं, झिजतं, डिझेल खातं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप युद्धानंतर शेतावर आणि रस्त्यावर आल्या तेव्हा ही खोड लोकांना जाणवली. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी चाकाच्या मध्यभागी बसणारं, हवं तेव्हा जोडणारं आणि हवं तेव्हा सोडणारं हब बनवायला घेतलं. आपल्याकडं महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली तीही त्याच काळात. जुन्या जीपवाल्यांना ते हब आठवत असेल: चिखलात उतरायचं, वाकायचं, चाकाच्या मधली चकती पिळायची, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच.

पुढं हा चिखलात उतरण्याचा त्रास वाचवायला हवेला कामाला लावलं. महिंद्राच्या काही फोर-व्हील गाड्यांतही असे व्हॅक्यूमवर चालणारे हब आले. आत एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा पाइपातून काढून घेतली, की दुसऱ्या बाजूची हवा पडद्याला ढकलते, पडदा दात्यांची कडी सरकवतो, आणि एक्सल चाकाला जोडला जातो. हवा परत सोडली की स्प्रिंग कडीला माघारी आणते.

इथं मी थांबलोच. आपण म्हणतो, व्हॅक्यूम ओढतो. तो काहीच ओढत नाही. रिकामी जागा कशाला हात लावणार? ढकलते ती बाहेरची हवा. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच हवेचा थर आहे आणि त्याचं ओझं दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलो पडतं. सगळ्या बाजूंनी सारखं पडतं म्हणून ते जाणवत नाही. १६५० च्या दशकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, आणि दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटेनात. पिकअपच्या हबमध्ये तीच हवा, तेच ओझं. पडद्याचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंटीमीटर धरा आणि आतली दोन तृतीयांश हवा काढली समजा. मग पडद्यावर सुमारे २० किलोचा जोर येतो. सिमेंटच्या जवळजवळ अर्ध्या पोत्याएवढ्या जोरानं, तोही नुसत्या हवेच्या, लोखंडी दाते जागेवर धरलेले असतात.

हा जोर समुद्रकाठी आणि डोंगरावर सारखा नसतो. पंपाच्या घड्याळावर व्हॅक्यूम अजून पाऱ्याच्या इंचांत मोजतात; तोरिचेल्ली यांनी १६४० च्या दशकात नळीत पारा उभा केला त्याची ती खूण. रत्नागिरीला सगळी हवा काढली तर काटा ३० इंचांपाशी जाईल. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, इथं तो २८ च्या आसपास थांबेल. आंबा घाट चढून आलो की डोक्यावरची हवा दोन इंचांनी हलकी झालेली असते.

आता ब्रेक. पेट्रोलचं इंजिन हवा आत घेताना तिची वाट अडवतं, म्हणून त्याच्या पोटात आपसूक व्हॅक्यूम तयार होतो. डिझेल इंजिनात तशी अडवणूक सहसा नसते, म्हणून त्याला वेगळा पंप लावतात. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागंच बसवलेला असतो. तोच पंप ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम पुरवतो, आणि हबलाही. एकाच विहिरीवर दोन मळे. पाट फुटला तर दोन्हीकडं पाणी कमी. ब्रेक कडक आणि फोर-व्हीलमध्ये खरखर, दोन्ही तक्रारी एकत्र ऐकल्यावर मिस्त्रींना फुटलेला पाट दिसला होता. म्हणूनच ही खरखर दुर्लक्षायची नाही. आवाज चाकात असेल, पण दोष ब्रेकच्या दाराशी उभा असू शकतो.

मग बॉनेट उघडलं. हातपंप लावून मिस्त्रींनी एकेक तुकडा तपासला. काटा २० इंचांवर न्यायचा, हात सोडायचा, बघत बसायचं. निरोगी पाइपात तो जागचा हलत नाही. एका ठिकाणी तो घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा खाली यायला लागला. रबराचा पाइप जिथं ब्रॅकेटवरून वळतो तिथं केसाएवढी चीर होती. पाइप वाकवला तरच ती दिसायची.

पण जोर दोन्ही हबांचा कमी झाला होता, मग ओरडला डावाच का? त्यासाठी मात्र चाक काढावं लागलं. आतलं ग्रीस तांबड्या गिलाव्यासारखं झालं होतं. गगनबावडा, राधानगरीकडची जांभ्याची माती इतकी बारीक, की सीलच्या ओठातून शिरते. आणि तिला आत बोलावतोही गाडीचाच स्वभाव. लांबून आलेलं चाक गरम असतं, आतली हवा फुगलेली असते. तसंच ते ओढ्यात उतरलं की हवा क्षणात आक्रसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत घेते. चाक श्वास घेतं म्हणा ना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्यात गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा पाणी ओसरल्यावर हब उघडून ग्रीस बदलणं म्हणूनच गरजेचं होतं. आमच्या डाव्या हबमध्ये चिखलानं कडी जड झाली होती. उजवी अपुऱ्या जोरावरही सरकायची, डावी निम्म्यात अडकायची. दाते टोकावर टेकायचे, भार आला की निसटायचे.

आणि एक बाजू निसटली की डिफरन्शिअल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला वाया घालवतो. उजवं चाक पक्कं जोडलेलं असूनही ओढत नाही. त्या चढावर आमची गाडी फोर-व्हील लावूनही दोनच चाकांवर धडपडत होती.

हीच चीर दुसऱ्या गाडीत अगदी उलटं बोलली असती, हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपला २००४ च्या मॉडेलपासून जे हब आले, त्यांत व्हॅक्यूम दाते जोडत नाही, दूर धरून ठेवतो. हवा गळली की स्प्रिंग कडीला दात्यांवर ढकलते. म्हणून तिथं खरखर साध्या चालीत येते आणि फोर-व्हील लावलं की थांबते. रचनाकाराला एका प्रश्नाचं उत्तर आधीच द्यावं लागतं: पाइप फुटेल त्या दिवशी गाडी कुठल्या बाजूला चुकू दे? फोर्डच्या रचनेत दाते झिजतील, पण चिखलात अडकलेल्याला चारही चाकं मिळतील. आमच्या रचनेत डांबरीवर शांतता मिळते, आणि ऐन चढावर हात रिकामे. असळजच्या वाटेवर भिजलेला माणूस म्हणून माझं मत फोर्डच्या बाजूनं पडतं.

संध्याकाळपर्यंत हब धुऊन, नवं ग्रीस आणि नवं सील घालून बसवलं. पाइपचा तो तुकडा बदलला. जोडण्याआधी इंजिन चालू असताना मिस्त्रींनी मोकळं टोक माझ्यापुढं धरलं. "बोट लावा." मी अंगठा ठेवला. तो चिकटला. नळीच्या आत काहीच नव्हतं. उद्यमनगराच्या पत्र्यांवरून पार वरपर्यंत जेवढी हवा होती ती माझ्या अंगठ्याला आत ढकलत होती. सोडवून घेतला तेव्हा कातडीवर एक लाल गोल उमटला होता. मिस्त्रींनी पाइप जोडला, भावानं फोर-व्हीलचं बटण दाबलं, आणि डाव्या चाकात टक् झालं. एकदाच.