बांधकाम परवानगीचा अर्ज 'सबमिट' केल्यावर पुढे नेमकं काय होतं?

घरात कुणी बांधकाम काढलं की मोबाईलवरची कामं आपल्या गळ्यात पडतात. "बघ जरा, नगरपालिकेतल्या अर्जाचं काय झालं?" आपण लॉगिन करतो, तिथे 'छाननी सुरू' असं काहीतरी दिसतं आणि महिनाभर तेच दिसत राहतं. छाननी म्हणजे कोण काय तपासतंय, ते आज बघूया.

आधी नियमांचं थोडक्यात. महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचा मूळ कायदा आहे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, म्हणजे एमआरटीपी. इमारत किती उंच, रस्त्यापासून किती मागे, पार्किंग किती, हे ठरवणारी नियमावली म्हणजे यूडीसीपीआर. ती डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे, डीसीपीआर २०३४.

आपला अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर भरतो. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा आणि इमारतीचं कॅड ड्रॉइंग जोडतो. खरी गंमत या ड्रॉइंगमध्ये आहे. ते नुसतं चित्र नसतं. प्लॉटची हद्द एका लेयरवर, इमारतीची बाह्यरेषा दुसऱ्यावर, जिना, बाल्कनी, पार्किंग असं सगळं ठरलेल्या नावांच्या लेयरवर काढावं लागतं. मग सॉफ्टवेअर ते वाचतं. पुण्यातल्या एका कंपनीने बनवलेलं ऑटोडीसीआर हे या प्रकारातलं गाजलेलं नाव.

समजा प्लॉट २०० चौरस मीटरचा आणि मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे २२० चौरस मीटर बांधकाम चालेल. सॉफ्टवेअर प्रत्येक मजल्याचं क्षेत्रफळ मोजतं, बेरीज करतं आणि २२० च्या वर गेली की लाल शेरा मारतं. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, कुठे अर्ध्या फुटाने कमी असली तरी पकडतं. पूर्वी हेच काम इंजिनिअर स्केलपट्टी घेऊन कागदावर करायचे. त्यामुळे हा भाग खरंच सुधारलाय, हे मान्य करायला हवं.

पण सॉफ्टवेअर फक्त ड्रॉइंग वाचतं, जमीन नाही. ड्रॉइंगमध्ये ९ मीटरचा रस्ता दाखवला तर त्याच्यासाठी रस्ता ९ मीटरचाच. प्रत्यक्षात तिथे बोळ आहे का, सातबाऱ्यावर आणखी चार वारसांची नावं आहेत का, विकास आराखड्यात त्याच जागेवर बागेचं आरक्षण आहे का, हे माणूसच तपासतो. कनिष्ठ अभियंता जागेवर जातो आणि नगररचना विभाग कागद बघतो. म्हणजे अर्ज अडकला तर बहुतेक वेळा तो मशीनमध्ये नाही, या टप्प्यावर अडकलेला असतो.

आता घड्याळाचं गणित. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. ऐकायला भारी वाटतं ना? पण त्यात दोन अटी आहेत. एक, बांधकाम नियमांत बसणारंच हवं. दुसरी जास्त महत्त्वाची: कार्यालयाने त्रुटी काढली, तर ६० दिवस आपण उत्तर दिल्याच्या तारखेपासून मोजतात. माझ्या मावसभावाच्या अर्जावर ५२ व्या दिवशी त्रुटी निघाली, 'मोजणी नकाशा अस्पष्ट'. नकाशा पुन्हा स्कॅन केला, अपलोड केला आणि मोजणी परत शून्यावर. म्हणून सल्ला एकच, स्कॅनिंगला आळस करू नका. मोबाईलने तिरका काढलेला फोटो जोडू नका, आणि त्रुटीचा मेसेज आला की त्याच दिवशी आर्किटेक्टला फोन करा. अगदी छोट्या, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी यूडीसीपीआरमध्ये सोपी वाट आहे. तिथे तज्ज्ञाने प्रमाणित केलेले नकाशे देऊन शुल्क भरलं की ती पोचच परवानगी म्हणून चालते.

सगळं बरोबर असेल तर शुल्काचं चलन निघतं. विकास शुल्क त्यातच असतं आणि बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकरही यायचा असतो. पैसे भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. ते एका वर्षासाठी असतं, दरवर्षी मुदतवाढ घेतली तर एकूण जास्तीत जास्त चार वर्षं चालतं. पुढे जोता तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बांधतोय, आम्ही तर फ्लॅट घेणार. मग तर हे जास्त महत्त्वाचं! कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण आठवत असेल. महापालिकेच्या खोट्या परवानग्या बनवून त्यावर महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी नोंदणी बघून, कर्ज काढून घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. हजारो कुटुंबांचा जीव टांगणीला लागला. खोटी सही कुणीतरी केली आणि हप्ते भरतंय कुणीतरी दुसरंच.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन जरूर करा, पण तिथे दिसणारी कागदपत्रं बिल्डरनेच अपलोड केलेली असतात. म्हणून सीसीवरचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि महापालिकेच्या स्वतःच्या पोर्टलवर किंवा नगररचना विभागात जाऊन जुळवा. बिल्डरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवरचा क्यूआर उघडलात तर ब्राउझरमधला पत्ता बघा, सरकारी साइटचं नाव साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन'ने संपतं. पोर्टलवर नोंद सापडली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बिल्डर म्हणेल, "आज टोकन दिलं नाही तर फ्लॅट जाईल." जाऊ द्या. तीस दिवस थांबणारा फ्लॅटच बघा.