साधन आणि सराव

ढगात क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रियच वैमानिकाला फसवते. कललेले विमान त्याला सरळ भासते. यावरचा उपाय २४ सप्टेंबर १९२९ रोजीच सिद्ध झाला होता. अमेरिकी लष्करातील जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणे पाहून, विमान उडवले आणि सुखरूप उतरवले. तरीही फेब्रुवारी १९३४ मध्ये हवाई टपालाचे काम लष्करावर सोपवले गेले, तेव्हा बहुतेक वैमानिकांना या पद्धतीचा पुरेसा सराव नव्हता. ऐन हिवाळ्यात सुरू झालेल्या त्या मोहिमेत दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. उपकरणावरचा विश्वास हुकमाने येत नाही. तो शांततेच्या काळात पुनःपुन्हा गिरवावा लागतो.