विश्लेषण : जुनी मोटार गॅरेजात वर्षानुवर्षे का अडकते? ती सोडवायची कशी?

‘गणपतीपर्यंत गाडी दारात’ असे गॅरेजवाला सांगतो. गणपती होतात, मग दिवाळी, मग पाडवा. आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली फियाट, अॅम्बेसेडर किंवा जीप पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून हौसेने सोपवलेली असते. आगाऊ रक्कमही दिलेली असते. गाडी मात्र ताडपत्रीखाली विटांवर उभी असते आणि फोन उचलणे हळूहळू बंद होते. दर वेळी ही फसवणूकच असते असे नाही. बहुतेकदा विलंबाचे मूळ कामाच्या स्वरूपात आणि पहिल्या दिवशी झालेल्या व्यवहारात असते.

सांगितलेली मुदत मुळातच का चुकते?

गॅरेजवाला अंदाज देतो तो गाडी बाहेरून पाहून. गंज असतो तो आत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००, जिला १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि अॅम्बेसेडर, या दोन्ही गाड्यांना जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालची पेटी, खांब हाच गाडीचा सांगाडा. रंग आणि पुट्टी खरवडली की तळाला भोके दिसतात, जुन्या पत्र्यावर ठोकलेला दुसरा पत्रा दिसतो. तो कापून नवा पत्रा वेल्ड करताना बॉडीला आतून आधार दिला नाही तर ती किंचित बसते आणि मग दारे नीट लागत नाहीत. ठरलेले काम अशा रीतीने दुप्पट होते. ते मालकाला लगेच सांगितले तर वाद होईल या भीतीने बहुतेक गॅरेजवाले गप्प राहतात. विलंबाची सुरुवात या गप्प राहण्यापासून होते.

गाडी कोपऱ्यात का ढकलली जाते?

याचे कारण पैशांच्या प्रवाहात आहे. समजा, एकूण अंदाज ६ लाखांचा आहे आणि ३ लाख रुपये पहिल्याच दिवशी दिले. ती रक्कम गॅरेजचे भाडे, कारागिरांचा पगार आणि कदाचित आधी अडकलेल्या दुसऱ्या गाडीचे सामान यांत जाते. दोन महिन्यांनी तुमच्या गाडीवर काम करणे म्हणजे गॅरेजसाठी नुसता खर्च उरतो. त्याच वेळी बंपर ठोकून घ्यायला आलेली गाडी संध्याकाळी रोख पैसे देऊन जाते. साहजिकच डेंटर त्या गाडीवर लावला जातो. जुन्या गाडीचे काम ‘मोकळ्या वेळात’ करायचे ठरते आणि चालत्या गॅरेजला मोकळा वेळ नसतो.

शिवाय सगळे काम एका छपराखाली होत नाही. इंजिनाचा ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, बंपर क्रोमवाल्याकडे, सीट शिवणाऱ्याकडे. प्रत्येकाची स्वतःची रांग असते आणि एक अडला की पुढचे सगळे थांबतात.

सुटे भाग खरेच मिळत नाहीत का?

काही मिळतात, काही नाही. मुंबईच्या रस्त्यांवर हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सीही सेवेतून गेली. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. ब्रेकचे रबर, बेअरिंग अशा वस्तू अजूनही शोधून किंवा दुसऱ्या गाडीच्या जुळवून मिळतात. खरी अडचण येते ती क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, मूळ मीटर, काचेचे रबर यांची. त्यासाठी कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि ओळखीपाळखी हेच मार्ग उरतात.

म्हणून ‘सामान मिळत नाही’ हे उत्तर ऐकले की एक प्रश्न विचारावा : नेमका कोणता भाग, आणि तो कुठे-कुठे शोधला? खरोखर शोधणाऱ्याकडे यादी असते. यादी नसेल तर शोध सुरूच झालेला नाही, असे समजायला हरकत नाही.

कामाचा क्रम चुकला तर काय होते?

तेच काम दोनदा करावे लागते. उदाहरणार्थ, इंजिनाचा सिलिंडर झिजला असेल तर तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. पिस्टन हातात नसताना ब्लॉक बोअर करून ठेवला आणि त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर काम तिथेच थांबते. बंपर, दिवे, पट्ट्या रंगाआधी एकदा लावून पाहाव्या लागतात. रंगानंतर भोके जुळवायला गेले की रंग उडतो.

पावसाळ्याची सबब सगळ्यांनी ऐकलेली असते आणि ती पूर्ण खोटी नाही. दमट हवेत रंगावर पांढुरका थर येऊ शकतो. पण उघडा केलेला पत्रा त्याच दमट हवेत प्रायमरविना ठेवला तर काही दिवसांतच पुन्हा गंजतो. त्यामुळे पावसाळ्यात रंग थांबवणे योग्य. पत्रा उघडा ठेवणे नव्हे. इंजिन, वायरिंग, सीट ही कामे पावसातही चालू शकतात.

विलंबात मालकाचाही वाटा असतो का?

अनेकदा असतो. काम अर्ध्यावर असताना रंग बदलायचे ठरते, ‘आता उघडलीच आहे तर एसीही बसवा’ अशी फर्माईश येते, हप्ता उशिरा दिला जातो. चांगल्या कारागिरांच्या तक्रारींत या गोष्टी नेहमी असतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी, की रोज चालवण्याजोगी हवी, हे मालकाने आधी ठरवले नसेल तर कोणतीही मुदत पाळली जाणे अवघड.

सर्वांत मोठा धोका कोणता?

गाडी पूर्ण खोलली जाते त्या दिवशी मालकाची बाजू सर्वांत दुबळी होते. चालती, धूर सोडणारी का होईना, गाडी दुसरीकडे नेता येते. सुटी केलेली गाडी म्हणजे एक सांगाडा आणि डबे-पिशव्यांमधले शेकडो भाग. कोणता नट कुठला, हे खोलणाऱ्याच्या डोक्यात असते. तो कारागीर गॅरेज सोडून गेला तर ती माहितीही जाते. दुसरा गॅरेजवाला अशी गाडी घ्यायला कचरतो आणि घेतलीच तर जास्त पैसे मागतो. नव्याने मिळणे कठीण असलेले मूळ भाग या काळात हरवतात किंवा दुसऱ्या गाडीला लागतात.

पहिल्या दिवशी काय लिहून घ्यावे?

पैसे कामाच्या टप्प्याला बांधणे हा सर्वांत उपयोगी उपाय. पहिला टप्पा फक्त खोलणे आणि पाहणीचा ठेवावा आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. पत्रा उघडा झाल्यावर पक्का अंदाज आणि तारीख मागावी. तो पटला नाही तर गाडी परत नेण्याची मुभा असावी. त्यानंतर पत्राकाम, इंजिन, रंग आणि जुळणी असे टप्पे पाडून प्रत्येकाची रक्कम काम पाहिल्यावर द्यावी. शेवटचा हप्ता गाडी चालवून पाहिल्यानंतरच. महागडे भाग शक्यतो मालकाने स्वतः विकत घेऊन, पावती जवळ ठेवून द्यावेत.

गाडी सोपवताना आत-बाहेरचे फोटो, इंजिन व चासी क्रमांक, काढलेल्या भागांची यादी, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, हे सगळे व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवून ठेवावे. आठवड्याला एक फोटो ही अट घालावी. दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन यावे. गॅरेजात असताना आग, चोरी किंवा पुराचे नुकसान विम्यात धरले जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मुदत ठरलेली नसली तरी काम ‘वाजवी वेळेत’ व्हायला हवे (कलम ४६). म्हणजे ‘तारीख कुठे ठरली होती?’ एवढ्यावर सुटका होत नाही. ताब्यात दिलेल्या वस्तूची योग्य काळजी घेणे हीसुद्धा गॅरेजची जबाबदारी आहे (कलम १५१). दुसऱ्या बाजूला, केलेल्या कामाचे पैसे थकले असतील तर ते मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० कारागिराला देते. हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामापुरता आहे. न केलेल्या कामासाठी किंवा मनाने लावलेल्या भाड्यासाठी गाडी अडवणे त्यात आपोआप बसत नाही.

गाडी आधीच अडकली असेल तर?

प्रथम प्रत्यक्ष जाऊन गाडीची आजची स्थिती आणि सर्व भाग यांचे फोटो घ्यावेत. मग उरलेले काम, उरलेले पैसे आणि नवी तारीख एका कागदावर मांडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. अनेक प्रकरणे इथेच मार्गी लागू शकतात, कारण गॅरेजवाल्यालाही अडकलेली जागा मोकळी हवी असते. तीही तारीख चुकली तर झालेल्या कामाचा हिशेब करून गाडी यादीनुसार ताब्यात मागावी आणि लेखी नोटीस द्यावी. भांडणाच्या भरात गाडी परस्पर उचलून आणू नये.

नोटिशीनेही भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांत ती निघून जाऊ नये. मात्र विकून नफा कमावण्यासाठी गाडी दुरुस्त करून घेत असाल तर ग्राहक म्हणून दाद मिळणे कठीण.

आरटीओच्या कागदांचे काय?

गाडी उभी असली तरी नोंदणीची मुदत थांबत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. खोललेली गाडी तपासणीला नेता येत नाही, म्हणून ही तारीख पाहूनच काम सुरू करावे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत ही अट आहे. मुदत गाठण्यासाठी गॅरेजवाल्याने ‘दुसरे इंजिन टाकून देतो, लगेच होईल’ असे सुचवले तर होकार देण्याआधी ही अट आठवावी.